पत्रिकेएवढी फट

आमच्या जुन्या जीपचा निकाल नवऱ्याने एका दमात लावला. "पोयनाडच्या हळदीला हिच्यातून जाऊन दाखव. वाटेत एकदा जरी दोरी लावावी लागली, तर सोमवारी भंगारवाला घेऊन जाईल."

"ठरलं," मी म्हटलं.

जीपवर माझं प्रेमबिम नाही. पण वाडीतले नारळ, शेणखत, गॅसची टाकी, सगळं तिच्यातून जातं. नव्या गाडीत साधं केळफूल ठेवायचं म्हटलं तरी नवरा आधी वर्तमानपत्र अंथरतो.

हळद चुलत दिराच्या मुलीची. त्या दिवशी सकाळीच मी जीपचे चारही प्लग काढले आणि तारेच्या ब्रशने काजळी घासली. प्लगच्या टोकाशी बारीकशी फट असते, तिच्यात ठिणगी उडते. ती फट नेमकी हवी. मोजायला पोलादी पात्यांचं माप मिळतं, आमच्याकडेही आहे. पण खाऱ्या हवेने त्याची सगळी पाती गंजून एकमेकांना चिकटलेली. सासऱ्यांनी तसंही ते कधी वापरलं नाही. ते म्हणायचे, "फट पत्रिकेएवढी ठेवावी. चारही ठिकाणी पत्रिका जुळली, की बाई नीट नांदते."

पत्रिका म्हणजे लग्नाची. फडताळात हळदीवाल्या लग्नाचीच होती. तिचं कव्हर चारही फटींत घालून पाहिलं. जाईना, म्हणून फटी वाढवल्या. प्लग बसवले, चावी फिरवली आणि इंजिन असं गुणगुणायला लागलं, की नवऱ्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि नव्या गाडीच्या डिकीत दोरी टाकली.

मी जीप काढली. शेजारी धाकटी नणंद, तिच्या मांडीवर लाडवांचा डबा. नवरा मागून नव्या गाडीत. अलिबाग मागे पडेपर्यंत आम्ही दोघी राण्यांसारख्या हात हलवत होतो, ओळखीच्यांना आणि बिनओळखीच्यांनाही.

कार्लेखिंडीचा चढ लागला आणि जीप हिसके देऊ लागली.

"वहिनी, हिला उचकी लागली. कोण आठवण काढतंय?"

"भंगारवाला."

नणंद हसता हसता डब्यावर आडवी झाली. जीप आणखी दोन उचक्या देऊन कडेला थांबली. नवरा खांद्यावर दोरी टाकून आला.

"लावू?"

"घरी न्या, कपडे वाळत घालू."

"सावकाश बघ. मी आहे इथेच," असं म्हणून तो अगदी प्रेमाने उभा राहिला.

मी फडक्यात धरून गरम प्लग काढला. नणंदेने वाकून पाहिलं. "एवढी फट? ह्यातून मांजर जाईल."

"पत्रिकेएवढीच आहे."

"कुठल्या पत्रिकेएवढी?"

मी जीपमध्ये पुढे ठेवलेली ती पत्रिका उचलून दाखवली. नणंदेने ती हातात घेतली, टिचकी मारून पाहिली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसलीच. "अहो वहिनी, ही पत्रिका आहे का पाट? हिच्यावर बसून जेवता येईल. बाबांच्या वेळची पत्रिका म्हणजे एक साधं कार्ड, मधोमध घडी. माझ्या लग्नाच्या मीच वाटल्यात गावभर."

तिचं बरोबर होतं. हिचं कव्हर म्हणजे मखमल चढवलेला पुठ्ठा. फट रुंद झाली तरी सपाटीवर ठिणगी कशीबशी उडी मारते. चढावर इंजिनाला जोर लागला, की तिची उडी तोकडी पडते.

कव्हरच्या आत मात्र मेंदी, हळद, लग्न, स्वागत अशी वेगवेगळी पातळ कार्डं होती. नणंदेने हळदीचं काढलं, दुमडलं आणि डोळे मिटून चिमटीत चोळलं. "एवढीच असायची."

मग मी एकेक प्लग काढून दगडावर हलकेच ठोकायचा, नणंदेने फटीत कार्ड सरकवून बघायचं, असं आमचं सुरू झालं. सैल लागलं की ती मान हलवायची, मी पुन्हा ठोकायची. आमच्या पिवळ्या साड्यांना काजळी लागली. कार्डावरची हळदीची वेळ पुसली गेली.

"झालं का?" नवऱ्याने विचारलं.

"थांब रे दादा, पत्रिका जुळवतोय. घाई केली तर मुलीच्या जन्माचं नुकसान होतं."

प्लग बसवले. चावी फिरवताना नणंदेने माझा दंड घट्ट धरला होता. इंजिन लागलं. दुसऱ्या गिअरमध्ये जीपने चढ धरला आणि एकही उचकी न देता आम्ही खिंडीच्या माथ्यावर. नणंदेने तिथेच डबा उघडून माझ्या तोंडात अख्खा लाडू कोंबला, म्हणून पलीकडच्या उतारावर मला कुणाला काही बोलता आलं नाही. नणंद मात्र येणाऱ्या प्रत्येक टेम्पोला सांगत होती, "आमची जुळली."

पोयनाडला मांडवात नवरीची आई पुढे आली. "पत्रिका आवडली ना? मुद्दाम मुंबईहून छापून आणल्या."

नणंद तोंडाला पदर लावून मांडवामागे पळाली.

"छान आहे," मी म्हटलं. "हळदीचं कार्ड तर अगदी बरोबर बसलं."

डीजे सुरू झाला होता. नवरा कोपऱ्यात एका कानात बोट घालून फोनवर ओरडत होता. "सोमवारी नको येऊस. अरे नाही, देत नाही आता. नांदतेय ती."