सेलमच्या दुकानातली गिटार

निम्मी भांडी घासून झाली होती. तांब्याला राख लावली तोच मामंजी सोप्यातनं ओरडले, "आगं, ती कुठली राख घेतलीस?"

"गोणीतली."

"ठेव, ठेव! सोनं हाय त्यात!"

मामंजी म्हणजे माझे सासरे, आकाराम. आमचं गाव विट्याजवळ. तमिळनाडूत सेलमला त्यांचं गलाईचं दुकान होतं; जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. ते दुकान परवा बंद केलं. असं दुकान मोडताना फरशी खरवडतात. बाकडी, पायपुसणी, पडदे जाळतात आणि ती राख धुऊन आत बसलेलं सोनं काढतात. मी ती चुलीची राख समजले. मामंजींनी तांब्या धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत धरायला लावलं. माझे दीर साईराज तर हसून हसून खालीच बसले. "वहिनी, आता तांब्या तिजोरीत ठेवा."

भावजींचं म्हणजे साईराजचं सगळं त्या दुकानापासनंच सुरू झालं, म्हणून लिहून ठेवते.

लहानपणी ते गणपतीत गावच्या बँजो पार्टीत वाजवायचे. बारावी झाल्यावर मामंजींनी त्यांना सेलमला नेलं. दुकानाच्या माडीवर कॉलेजची पोरं राहायची, त्यांचा रॉक बँड होता. त्यातला एक दुबईला गेला आणि त्याची गिटार मागं राहिली. भावजी बँजोवरची बोटं तिच्यावर चालवून बघू लागले. दिवसभर तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या धुरात भट्टी, संध्याकाळी माडी. हळूहळू पोरांनी त्यांना बँडमध्ये घेतलं, लीड गिटारला. गाणारा थांबला की मध्ये एकटाच पुढं येऊन वाजवतो तो लीड. मी विचारलं होतं, "भजनात पखवाजवाला मधीच सुटतो, तसं?"

"व्हय वहिनी, तसंच. फक्त आवाज लय."

पुढं बँड बंगळुरूला गेला. नवी, विजेवरची गिटार घेऊन भावजीही गेले. जुनी दुकानाच्या भिंतीला टांगलेली राहिली. त्या वर्षी दिवाळीलाही मामंजी त्यांच्याशी बोलले नाहीत. बँडचं मात्र नाव होत गेलं, केरळपर्यंत बोलावणी येऊ लागली. गावात कुणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, "बँजोत हाय."

यंदा मामंजींची छाती धुरानं धरली. आमचे हे लष्करात, म्हणजे दुकान भावजींनीच बघायचं. तेवढ्यात बँडचा पहिला मोठा दौरा ठरला. भावजी दुकानात बसले असते तर बँडनं दुसरा गिटारवाला घेतला असता. त्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "आबा, दुकान मला न्हाई जमायचं. पर बंद करायला मी येतो." मामंजींनी फोन ठेवून दिला. बापलेकाचं बोलणं पुन्हा तुटू नये म्हणून मी सिद्धनाथाला नारळ बोलले.

बोलल्याप्रमाणे भावजी सेलमला आले आणि दोघांनी सगळं सामान जाळायला काढलं. मामंजी जुन्या गिटारकडं बोट करून म्हणाले, "हीबी टाक. इतकी वर्सं हितलीच धूळ खाल्लीया तिनं."

भावजींनी ती उतरवली, ओल्या फडक्यानं नीट पुसली आणि फडकं ढिगावर टाकलं. "सोनं तुमचं तुमाला, आबा. लाकूड माझं."

मामंजींनी ते फडकं ढिगावरनं उचलून परत त्यांच्या हातात दिलं. मग म्हणाले, "आतनंबी पूस की रं. भोकात लय बसली आसंल."

हे भावजींनी जेवताना सांगितलं. मामंजी ताटावरच होते, त्यांनी काही खोडलं नाही. उलट सासूबाईंना म्हणाले, "आता बँजो म्हणू नगंस. गिटार हाय ती."

राख आज दुपारी विट्याला धुवायला पोचली. पुढच्या आठवड्यात भावजींना दौऱ्यावर निघायचंय, पण मामंजींचा खोकला काही कमी नाही, म्हणून ते सरावाला बंगळुरूला न जाता इथंच थांबलेत.

"तुझा सराव बुडंल," मामंजी म्हणाले.

"बुडू द्या."

उद्या सकाळी भावजी मामंजींना घेऊन छातीचा फोटो काढायला सांगलीला जाणार आहेत.