मेंदूची साल आणि माझा पंधरा दिवसांचा ताप

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटाला लाकडी भोंगा लावून ऐकलं, हातातला कागद पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "बच्चा जिंदा है, लेकिन दिमाग कच्चा रहेगा."

मी सुलतान बाजारातली. आमच्याकडे वाईट बातमीसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेत नाहीत. मी विचारलं, किती कच्चा? बाईंनी समजावून सांगितलं. मला झाला तो जर्मन मीझल्स, म्हणजे गोवराची धाकटी बहीण. आईला ती थोडा ताप आणि लाल पुरळ देऊन निघून जाते, पण पोटातल्या मुलाचे डोळे, कान, हृदय, मेंदू यांतलं काहीही बिघडवू शकते. त्यात माझा ताप पंधरा दिवसांचा. होळी ते पाडवा, एकशे सहा डिग्री. तसं कागदावर लिहिलंच होतं.

लिहिलं होतं, कारण मीच तसं सांगितलं होतं.

मी नुसती शिंकले तरी सांगताना चार घरांची छपरं उडतात. कपाळावर भाकरी भाजता आली असती, असं मी बाईंना सांगितलं होतं आणि त्या बिचारीने भाकरीचा हिशेब डिग्रीत मांडला. तोवर ती हकीकत मी अख्ख्या आळीला इतक्यांदा ऐकवली होती की मलाच पंधरा दिवस आठवू लागले होते.

घरी सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यांचंही चूक नव्हतं. निजामाचं राज्य राहणार की जाणार, कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारची दोन बिऱ्हाडं सोलापूरला निघून गेली होती. अशा दिवसांत खुळं मूल काखेत घेऊन कुठे पळशील, असं त्यांचं म्हणणं. गौलीगुड्यात एक सुईण होती, झाडपाला देऊन बाईला मोकळं करायची. तिला त्यांनी गुरुवारी बोलावलं. आमचे हे कोर्टात कारकून. कोर्टात बोलायचं काम वकिलांचं, घरात आईचं.

बुधवारी मी यांना घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला मागच्या इमारतीत पाठवलं. तिथे एक डॉक्टर जन्माआधी गेलेल्या बाळांचे मेंदू तपासायचे. आईबापांना विचारून ठेवून घेतलेले मेंदू, तिसऱ्या महिन्याचा, चौथ्याचा, पाचव्याचा. पापडाहून पातळ काप करून ते काचेवर लावायचे. खोलीबाहेर तीन तास बाकावर बसलो. फॉर्मालिनचा, म्हणजे मेलेलं सडू न देणाऱ्या पाण्याचा, असा वास की माझ्या सात पिढ्या टिकाऊ झाल्या.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला नाही. तापाचं विचारलं. मी भाकरीपासून सुरुवात केली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बीबी, मेरेकू कहानी नक्को. दिन बताओ."

मग त्यांनी मायक्रोस्कोपमधून एक काच दाखवली. जांभळे ठिपके, रांगेत. ते म्हणाले, मेंदूची वरची साल म्हणजे सेरेब्रल कॉर्टेक्स. बोलणं, समजणं, आठवणं, सारं तिच्यात. पण तिच्या पेशी तिथे जन्मत नाहीत. आत खोल पोकळीच्या भिंतीशी जन्मतात आणि मौला अलीच्या टेकडीवर माणसं चढतात तशा एकामागून एक वर चढतात. ही चढण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ऐन भरात असते. तेव्हा ताप कधी आला आणि किती दिवस राहिला, यावर सारं आहे.

मी त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. माझ्या पोटातले असेच वर निघालेले असताना मी आळीभर भाकऱ्या भाजत फिरले होते.

पहिल्यांदाच मी मनापासून दिवस मोजले. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी अंगावर लाल दिसलं, मला वाटलं रंग उतरला नाही. त्याच संध्याकाळी कणकण आली. पुढचं धूसर.

तेवढ्यात आमच्या यांनी तोंड उघडलं. "चौथ्या दिवशी तू गच्चीवर पापड लाटत होतीस. मला दोनशे पापड उलटायला लावलेस."

"पन्नास," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी आकडा खाली आणला.

तीन दिवस. डॉक्टरांनी पंधरा खोडून तीन लिहिलं. हे बरंच बरं, म्हणाले, पण चढणीचेच दिवस आहेत, धोका आहे. मी विचारलं, म्हणजे मूल खुळं होणार की नाही?

"मैं मुर्दा दिमाग देखता हूँ, बीबी. उनमें से किसीकू मैंने दो का पहाड़ा नहीं पूछा. मेरेकू नहीं मालूम."

एवढे मेंदू पाहिलेला माणूस माहीत नाही म्हणतो आणि एकही न पाहिलेली सुईण म्हणते, आण इकडे. मला तिथेच उत्तर मिळालं.

गुरुवारी सुईण आली. मी दारात पाट टाकून आडवी बसले. तिला चहा पाजला आणि उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं. सासूबाईंना म्हटलं, "खुळं झालं तर माझं खुळं. पाठीला बांधून सोलापूरपर्यंत चालत जाईन. तुम्हालाही नेईन, पण वाटेत रडायचं नाही." आठवड्याने त्यांनी आपणहून डिंकाचे लाडू केले.

हिंदुस्थानची फौज शहरात आली त्याच आठवड्यात मला कळा सुरू झाल्या. सारं शहर तोफांकडे कान लावून होतं, मी एका रडण्याकडे. मुलगी झाली. तिने असा टाहो फोडला की निजामाने तो ऐकूनच शरणागती लिहिली, असं मी सांगते. हे डॉक्टरांच्या कानावर घालू नका.

डोळे स्वच्छ होते, हृदय ठीक होतं. डॉक्टर दर महिन्याला फीत लावून डोकं मोजत. जिवंत डोकं मोजायला मिळतंय म्हणून खूश असत.

कुणा बाईला असा कागद हातात मिळाला तर माझं एवढं ऐका. डॉक्टरांना दिवस मोजून सांगा, एक वाढवू नका, एक लपवू नका. आणि 'माहीत नाही' म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याचे पाय धरा. दुसऱ्या कुणी मला इतकं खरं सांगितलं नव्हतं.

मुलगी दीड वर्षाची होती. एकदा मी तिला उजवीकडून हाक मारली, तिने मान वळवली नाही. डॉक्टरांनी घंटी वाजवून पाहिलं. उजवा कान पार गेलेला. वहीत लिहिताना त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, डॉक्टरसाब, या गावाचा गोंगाट ऐकायला एक कान पुरे आहे.

रस्त्यात मी फुशारकीने हसले, घरी येऊन रडले. आता ती सात वर्षांची आहे, पाढे म्हणत शाळेत जाते. मी तिच्या डाव्या बाजूने चालते, ऐकू येतं त्या कानाशी.