टिकलीपर्यंत ठिपका

ठाण्याहून निघताना गाडीच्या टपावर हातभर अँटेना, शेजारच्या सीटवर बिस्किटांच्या डब्यात बसवलेलं यंत्र आणि मागे ओटीचं सामान, असा माझा थाट होता. आम्हा हौशी रेडिओवाल्यांची रीतच ती. खिशात मोबाइल असला तरी आपण कुठे आहोत हे सांगायला एवढं लटांबर वाहायचं. डब्यातलं यंत्र उपग्रहांकडून आपली जागा समजून घेतं आणि रेडिओवरून सांगत सुटतं. घरी संगणकाच्या नकाशावर एक ठिपका सरकतो. आजवर माझा ठिपका कुणी पाहिला नव्हता. बायको म्हणायची, "तुम्ही कुठे जाणार? भूक लागली की येताच घरी."

या खेपेला मात्र सासूबाई पाहणार होत्या. पाय मोडल्यापासून त्यांना गाडीत बसवत नव्हतं. माहेर भिवंडीपलीकडे खारबावला. तिथे धाकटा भाऊ आणि भावजय, पण भाऊ ठार बहिरा. म्हणजे त्याच्याशी बोलायला फोनही कुचकामी. "मला ठिपक्यातून न्या," त्या म्हणाल्या आणि लेकीच्या कपाळावरची टिकली काढून पडद्यावर माहेरच्या जागी चिकटवली. तिथवर पोचलो नाही, तर घरी कुठल्या तोंडाने परतणार?

कशेळीचा पूल ओलांडून पहिला थांबा वळ गावात. खारबावहून माझा रेडिओ थेट ठाण्याला ऐकू येत नाही, म्हणून इथल्या एका गोदामाच्या गच्चीवर मी मधलं केंद्र बसवलं होतं. एकाची हाळी ऐकून पुढच्याला हाळी द्यायची, एवढंच त्याचं काम. ते तपासत असताना वॉचमनने विचारलं, "साब, इसपे मॅच दिखेगा?"

"नहीं, सिर्फ मैं दिखूंगा."

त्याने मला नीट न्याहाळलं. "फिर रहने दो."

भिवंडीत लूमची खटखट आणि कापडाच्या ताग्यांनी लादलेल्या हातगाड्या यांच्यामधून गाडी मुंगीसारखी सरकत होती. मी चिडचिडलो, तेवढ्यात बायकोचा फोन. "आई म्हणते, हळूच घ्या. तिला बाजार बघायचाय."

खारबावला बायकोचे मामा भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे. मामींनी त्यांना खुणांनी सगळं आधीच समजावलं होतं. "बाय कुठं हाय?" त्यांनी विचारलं. मी डब्याकडे बोट दाखवलं. मामा जराही हसले नाहीत. डब्यावरून तुकडा ओवाळून त्यांनी लांब टाकला. मी पाय धुवायला परसात गेलो.

परत फोन. "अहो, आईला कुठे ठेवलंत? ठिपका टिकलीच्या बोटभर अलीकडे अडकलाय!"

वॉचमनने पंख्यासाठी केंद्राची पिन काढली असणार! तरातरा गाडीकडे गेलो, तर डबाच नाही. अँटेनाची तार तेवढी लोंबत होती.

"डबा देवापुढं हाय," मामी म्हणाल्या.

खरंच, समईशेजारी पाटावर डबा आणि त्याला हळदकुंकू! मामा माझ्यावरच उखडले. "म्हायेरवाशीन उन्हात ठेवतात व्हय, जावईबुवा?"

छपराखाली उपग्रह दिसत नाहीत, हे बहिऱ्या माणसाला कसं सांगावं? मी डब्याला हात लावला आणि आभाळाकडे बोट दाखवलं. मामांचा चेहराच उतरला. ते मटकन खाली बसले.

"न्हाय ओ, न्हाय! बाय बरी हाय!" मामी दोन्ही हात हलवत धावल्या. मग मला म्हणाल्या, "जावईबुवा, तुमी बोटं दाखवू नका."

डबा अंगणात आणून तार जोडली. थोड्या वेळाने फोनमधून बायकोचा आरडाओरडा आला: ठिपका टिकलीवर! मी मामांना खूण करणार होतो, पण बोट खिशातच ठेवलं. मामींनीच हसून मान डोलावली.

मग मामा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले आणि हातानेच वाट दाखवू लागले. गावाबाहेर, खाडीवरच्या बंदरापर्यंत. तिथे डबा छातीशी धरून ते बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. येताना त्यांनी निवट्या (चिखलातले मासे) घेतल्या.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई पाय चेपून घेत होत्या. "दमले बाई! बंदराची वाट अजून खडबडीतच आहे का?"

मी मामींनी पाठवलेली ओटी पुढे केली. त्यांनी पदरात घेतली आणि म्हणाल्या, "बंदरावर तो आला होता ना? तुम्हाला ती वाट ठाऊक नाही. लहानपणी त्याला मीच कडेवर घेऊन जायचे तिथे."

"आज त्यांनी नेलं तुम्हाला," मी म्हणालो.

इतकी वर्षं मी कुठे आहे ते आभाळाला ओरडून सांगत होतो. आभाळाला त्यात रस नव्हता. आता रविवार उजाडला की सासूबाई विचारतात, "आज कुठे नेताय?" पडद्यावरची टिकली तशीच आहे. तिच्याखाली अर्धं गाव झाकलं गेलंय, पण काढायची माझी छाती नाही.