राजवाडा शेवटी

चांगली गोष्ट शेवटी ठेवायची, हा नियम माझ्या साडूइतक्या निष्ठेने पाळणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याने माझ्या दुकानाची पायरी चढू नये. माझी बायको नलू त्यांना दाजी म्हणायची, थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून, आणि तिचं ऐकून मीही दाजीच म्हणतो. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आमच्यापासून एका सिग्नलवर राहतात. मोटारींच्या कंपनीत त्यांनी आयुष्यभर ब्रेक डिझाइन केले. निवृत्त झाल्यावर तेच काम घरी करतात.

दाजींचं पान बघण्यासारखं असतं. आधी चटणी, मग कोशिंबीर, मग भाजी, मग वरणभात, असे ते एकेक ठाणं जिंकत पुढे सरकतात, आणि श्रीखंडाची वाटी सगळ्यांची हात धुवायची वेळ झाली तरी तशीच भरलेली असते. एकदा मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या कॅफेटेरियात, पंगत उठत आली होती. एका उत्साही मुलीला वाटलं, काकांना गोड नको आहे. "आर यू डन, काका?" म्हणत तिने ताट उचललं आणि काळ्या पिशवीत टाकलंसुद्धा. दाजी त्या पिशवीपाशी जाऊन उभे राहिले. "अगं, ते राखून ठेवलं होतं," एवढंच म्हणाले. माझ्यासारखा असता तर मंडळाची वर्गणी परत मागून आला असता. उन्हाळ्यात हापूसची पेटी घरी आली की दाजी आधी डागी आंबे संपवायला घेतात, आणि ते संपेपर्यंत चांगल्यांना डाग पडतो. नलू म्हणायची, "दाजींनी या देशात येऊन एक चांगला आंबा खाल्ला असेल तर शपथ." मिशिगनच्या हवेत बाहेर काढायची नाही म्हणून त्यांची लाल गाडी गॅरेजमध्येच म्हातारी झाली. मी दिलेला लोकरी कोट वर्षानुवर्षं खोक्यातच होता. आणि नायगारा! आम्हां सगळ्यांना घेऊन गेले, तर आधी वीजकेंद्र, मग म्युझियम, मग भेटवस्तूंचं दुकान, आणि धबधबा शेवटी. तोवर असं दाट धुकं उतरलं की समोर नुसती पांढरी चादर. दाजी कठड्याला टेकून म्हणाले, "आवाज बघा, आवाज! काय भव्य आहे!" नलू इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मी तसा हसणारा माणूस नाही. इथे आलो तेव्हा दुसऱ्यांच्या बाथरूममध्ये गुडघे टेकून फरश्या बसवल्या. आज माझं टाइल आणि ग्रॅनाइटचं दुकान आहे. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून मी भाव सांगतो, आणि घासाघीस वाढली की माझा आवाज पार्किंगपर्यंत जातो, हे गावाला ठाऊक आहे. नलूनेही गुडघ्यांवरच कमावलं. लग्नाचे पोशाख बेतून देणाऱ्या दुकानात ती कामाला होती. तोंडात टाचण्या धरून नवऱ्यामुलींच्या झग्याच्या घेरापाशी बसायची. समोर मोठा तीन पाखांचा आरसा. त्यात नवरी नखशिखान्त दिसायची आणि नलूचा फार तर एखादा खांदा, नाहीतर अंबाडा. त्या दुकानाच्या भिंतीवर पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालाचं चित्र होतं. एका बाजूला उंच खिडक्या, समोर तितकेच उंच आरसे. ते चित्र बघत तिची कितीतरी वर्षं गेली. म्हणायची, "एकदा तिथे जाऊन नुसतं उभं राहायचं. कुणाचा घेर धरायचा नाही. आपण आपल्याला डोक्यापासून पायापर्यंत बघायचं, बस्स."

नलूचा आजार कळला तेव्हा बराच पुढे गेला होता. उपचारांच्या मधल्या सवडीत डॉक्टरांनी एका प्रवासाला हो म्हटलं, आणि कुठे जायचं हे तिला विचारायची गरजच नव्हती. तिची ताई आणि दाजीही बरोबर निघाले. प्लॅनिंग दाजींकडे गेलं. मी नको म्हणत होतो, पण ताईपुढे माझं काही चालत नाही.

दाजींनी राजवाड्याची वेळ घेतली ती दिवसातली अगदी शेवटची.

"सकाळी आत झुंबड असते," ते म्हणाले. "आधी बाग करू. शेवटी बघितलेलं डोळ्यांत राहतं."

"दाजी, नलू दमेल."

"खुर्ची आहे ना चाकांची!"

"अहो, जाऊ दे," नलू मला म्हणाली. "दाजींचं श्रीखंड आहे ते. राहू दे शेवटी."

ती बाग आहे की जिल्हा, मला अजून कळलेलं नाही. रस्ते खडीचे, खुर्चीचं चाक दर पावलाला रुतायचं. पानं पिवळी पडायला लागली होती. दाजी फोनमध्ये वाचून प्रत्येक कारंज्याची कुळकथा सांगत होते. मग म्हणाले, राणीने हौसेखातर बांधून घेतलेलं एक खेडं आहे पार टोकाला, तेवढं करू. खेडं म्हणजे चार गवती छपरं आणि एक तळं. बदकं बघून नलू खूश झाली, आणि तिथेच तिचा श्वास अडखळला. औषध दिलं, बाकावर टेकवलं, रंग परत येईपर्यंत बसून राहिलो. परत नेणाऱ्या छोट्या गाडीला ही रांग. राजवाड्याच्या मागच्या, बागेकडच्या अंगणात पोचलो तेव्हा आत सोडायची वेळ उलटून गेली होती.

मी तिघांना तिथेच ठेवून वळसा घालून पुढच्या दाराकडे धावलो. दारावर एक मुलगी होती. मी हात जोडले. "माय वाइफ इज सिक. फाइव्ह मिनिट्स." ती म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, सर. टुमॉरो मॉर्निंग." दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं विमान होतं. मी विनवलं, मग ओरडलो. तिची काही चूक नव्हती, नेमून दिलेलं काम ती करत होती, आणि हे मला कळत होतं म्हणून जास्तच ओरडलो. भाव करून मी काय काय मिळवलंय या आयुष्यात! तिथे माझ्याकडे द्यायलाच काही नव्हतं.

परत आलो तो तडक दाजींच्या अंगावर गेलो. "तुमच्या श्रीखंडापायी माझ्या बायकोचा राजवाडा गेला!" लोक वळून बघायला लागले. नलू खुर्चीत बसली होती, माझी बाही ओढत म्हणाली, "पुढच्या वेळी आधी राजवाडा. झालं?"

पुढची वेळ आली नाही. पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात ती गेली.

त्यानंतर मी दाजींशी बोलणं टाकलं. वाण्याच्या दुकानात समोर आले तर कार्ट वळवायचो. फोन आला तर कापायचो. आमचा मुलगा म्हणायचा, "डॅड, टॉक टू हिम, यार." मी म्हणायचो, तू तुझं बघ.

वर्षश्राद्ध शनिवारी ठेवलं, कारण आमच्या गुरुजींना आठवडाभर ऑफिस असतं. ताई येणार म्हणजे दाजीही येणार. ते कडेच्या पानावर बसले. अंगात मी दिलेला लोकरी कोट होता, घड्या न मोडलेला. मी खिरीचं पातेलं घेऊन वाढत होतो. वाढून झालं आणि दाजींनी भाताला हात न लावता आधी खिरीची वाटी उचलली, औषध घ्यावं तशी गटागटा संपवली.

ताई खालमानेने म्हणाली, "वर्षभर हे असंच चाललंय. आधी गोड. मग बाकीचं जातच नाही."

मी पुढे सरकणार, तेवढ्यात दाजी म्हणाले, "थांबा. जेवायच्या आधी सांगतो. फोनवर सांगणार होतो, तुम्ही घेतला नाहीत."

मी थांबलो.

"तुम्ही पुढच्या दारावर भांडायला गेलात ना, ही पाणी आणायला गेली होती, तेव्हा नलू म्हणाली, दाजी, मला उभं करा. केलं. आरसेमहालाच्या मागच्या बाजूच्या त्या सगळ्या खिडक्यांवर ऊन आलं होतं. ती म्हणाली, चित्रात आरसे या खिडक्यांच्या बरोब्बर समोर आहेत. म्हणजे मला ते दिसत नसले, तरी मी त्यांना दिसत असणार. मग म्हणाली, हात सोडा. मी घाबरलो, पण सोडला. थोडा वेळ एकटीच उभी होती. मफलर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. आरशापुढे करतात तसं."

बाकीची पंगत जेवत होती.

माझा राग गेला, असं मी म्हणणार नाही. सकाळी राजवाडा आणि दुपारी बाग केली असती तर काय बिघडलं असतं, हे मी मरेपर्यंत विचारत राहणार. पण त्या क्षणी मला दुसरंच विचारायचं होतं.

"डोक्यापासून पायापर्यंत?"

"डोक्यापासून पायापर्यंत," दाजी म्हणाले.

मी त्यांची वाटी पुन्हा भरली आणि पानात होती तिथेच ठेवली.

"ही शेवटी खा," म्हणालो.