उजवा पिलर

मी आयुष्यात सर्वांत जास्त कोणाचा देणेकरी असेन तर माझ्या मामाजींचा. आईचे थोरले भाऊ, रायपूरच्या गुढियारीतले डेंटर, म्हणजे गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारे मिस्त्री. माझे वडील डोंगरगडला रेल्वेत गँगमन होते आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मला रायपूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मामाजींनी आपल्या दोन खोल्यांपैकी समोरची मला दिली आणि मामी व मुलीसोबत स्वतः आतल्या खोलीत चार वर्षं काढली. परीक्षेच्या दिवसांत ते कामावरून आले की चपला गल्लीतच काढायचे, माझ्या कानावर आवाज नको म्हणून. पहिल्या वर्षापासूनच आपल्या कामाच्या शेडमध्ये येईल त्याला सांगायचे, हे आमचे इंजिनिअर. त्यात थट्टा नव्हती.

डिग्री झाली. एका कारखान्यात दोन वर्षं काम केलं, मग तो कारखाना बंद पडला आणि मी मामाजींच्या शेडवर येऊन बसलो. महिन्याभरात त्यांनी दारावरची पाटी बदलली. नव्या पाटीवर माझं नाव, नावापुढे डिग्री. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मी वरवर नको म्हणालो, पण पाटी उतरवली नाही.

त्या पाटीमुळेच तात्यापाऱ्यातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा नातू आमच्याकडे आला. त्याच्या आजोबांचा जुना नाकवाला, पुढे बॉनेट निघालेला ट्रक होता. त्या काळी कंपनीकडून चाकं, इंजिन आणि समोरचं नाक एवढंच यायचं, मागची केबिन इथले मिस्त्री हातानं बांधायचे. या ट्रकची केबिन मामाजींनी तरुणपणी बांधली होती. नातवाला ट्रक आपल्या नव्या हॉटेलसमोर उभा करायचा होता आणि परदेशी व्हिडिओंत दाखवतात तसं त्याचं छप्पर चार इंच खाली हवं होतं.

मामाजी हसले. "टोपी डोयावर ओढलेल्या बेवड्यावानी दिसन," म्हणाले. पण काम माझ्या नावानं आलं होतं, म्हणून त्यांना आनंदही झाला होता.

मी असं काम कधी केलं नव्हतं. व्हिडिओ पाहून पाहून शिकलो. छप्पर ज्या चार पिलरांवर उभं असतं, त्यांतून चार-चार इंचांचा तुकडा कापून काढायचा आणि छप्पर खाली बसवायचं. अडचण समोरच्या दोन पिलरांची असते. ते मागे झुकलेले असतात, म्हणून छप्पर खाली आणलं की वरचं टोक खालच्या टोकावर बसत नाही, मागे राहतं. मग छप्पर मधोमध आडवं कापून, पट्टी जोडून तेवढं लांब करावं लागतं. पट्टी किती रुंद, हे पिलरच्या झुकावावरून ठरतं.

मी डाव्या पिलरचा झुकाव मोजला आणि ग्राफपेपरवर नकाशा काढला. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की, दोन्ही बाजू सारख्या असतील तर मधली रेघ ओढून अर्धीच आकृती काढली तरी चालते. मी अर्धीच काढली.

मामाजींनी सांगून पाहिलं. एकदम सारे पिलर कापू नको, एक काप, वेल्डिंगचा टाका मार, मग दुसऱ्याला हात लाव. मी म्हणालो, हिशेब केलेला आहे. ते कागदाकडे थोडा वेळ पाहत राहिले. त्यांना कळला नाही, आणि कळला नाही म्हणून तो बरोबर असेल असं त्यांनी धरलं असावं. त्या कागदापुढे ते गप्प झाले याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

एका सकाळी ग्राइंडरनं मी चारही पिलर कापले. चेन-पुलीला टांगून ठेवलेलं छप्पर मधोमध कापलं, पट्टी जोडली आणि दुपारी खाली सोडलं. मागचे दोन्ही बसले. समोरचा डावा नेमका बसला. उजव्याचं वरचं टोक पाऊण इंच पुढे निघून हवेत राहिलं.

मी टेप घेऊन उभा होतो, तेवढ्यात ट्रकचा मालक, तो नातू, आला. सोबत दोन मित्र, एकाच्या हातात व्हिडिओ चालू असलेला मोबाईल. त्यानं ती फट पाहिली आणि विचारलं, ये क्या हो गया.

मामाजी माझ्या शेजारी उभे होते. मी म्हणालो, "पुराने हाथ का काम है, भैया. केबिन शुरू से ही टेढ़ा बना था."

मालक मामाजींकडे वळला. "चाचा, आपने बनाया था न?"

"हव," मामाजी म्हणाले.

"कोई बात नहीं, अब इंजीनियर साहब सीधा कर देंगे." मित्र हसले. मीही हसलो.

ते गेल्यावर मामाजींनी आपल्या तीन हातोड्या कापडी थैलीत भरल्या. दाराशी थांबून ते म्हणाले, "मले एकडाव पुसलं असतं, बाबू, त मी सांगतलं असतं. काहून नाही पुसलं?"

दुसऱ्या दिवसापासून ते शेडवर आले नाहीत. आठवड्याभरानं मामीला घेऊन गोंदियाला मुलीकडे गेले.

ट्रक मी पूर्ण केला. उजवा कोपरा कापून, ठोकून, पुट्टीखाली दाबून टाकला. फोटोत छान दिसतो. मालकानं हॉटेलसमोर ट्रकखाली माझ्या नावाची पट्टी लावली आहे. लोक तिथे उभे राहून सेल्फी काढतात आणि तो त्यांना सांगतो की एका अनपढ मिस्त्रीनं वाकडी बांधलेली केबिन एका इंजिनिअरनं सरळ केली. ते ऐकून आणखी दोघं आपल्या गाड्या घेऊन माझ्याकडे आले.

मामाजी माझा फोन घेत नाहीत. मामी घेते. खरं काय ते मला तिनंच सांगितलं. त्या ट्रकचा पहिला ड्रायव्हर फार उंच होता. केबिन बांधताना त्याला स्टिअरिंगवर बसवलं की कपाळ वरच्या कोपऱ्याला लागायचं. म्हणून मामाजींनी उजवा पिलर मुद्दाम जास्त उभा ठेवला, वरचं टोक पुढे घेतलं आणि बाहेरून दिसू नये म्हणून समोर काचेवर पत्र्याचा छज्जा लावला. "तुह्या मामानं त्याले बसवून बसवून माप घेतलं होतं," मामी म्हणाली. मग विचारलं, जेवलास का. मी हो म्हणालो. त्यानंतर मी हे पत्र पाठवलं.

मामाजी,

सप्रेम जय भीम.

केबिन वाकडी नव्हती. मी फक्त डावी बाजू मोजली आणि उजवी तशीच आहे असं मानलं. चूक माझ्या कागदात होती. फट पाहिली तेव्हाच मला हे कळलं होतं. मालकासमोर बोललो ते कळून बोललो.

परवा हॉटेलात जाऊन मी मालकाला खरं सांगितलं. तो म्हणाला, अब छोड़ो न, गाड़ी तो मस्त दिख रही है. त्यानं पुढे काय सांगावं ते माझ्या हातात नाही. पट्टीवरून माझं नाव काढा म्हणालो, तर हसला.

तुम्ही विचारलं होतं, काहून नाही पुसलं. तुम्हाला विचारलं असतं तर मला येत नाही हे दिसलं असतं. तुम्ही मला सगळ्यांसमोर इंजिनिअर म्हणायचे आणि मला ते खरं वाटू लागलं होतं. याच्यापेक्षा बरं कारण माझ्याजवळ नाही.

तुम्ही परत या असं लिहायला माझं तोंड नाही. शेडची किल्ली मामीच्या शेजारणीकडे ठेवली आहे. या दोन गाड्या देऊन झाल्या की मी तिथे बसणार नाही. दुसरीकडे काम पाहून राहिलो.

तुम्ही बांधलेला कोपरा आता राहिला नाही. तो मी कापला. पहिल्यासारखा कसा होता, हे रायपुरात आता कोणाला दाखवता येणार नाही.

तुमचा भाचा