मागच्या रांगेतल्या तेवीसजणी

कॉन्व्हेंटमध्ये तिला सगळे सुईमावशी म्हणत. एक तर तीस वर्षं तिनं तिथले झगे, चादरी, अभ्रे रफू केले होते आणि दुसरं म्हणजे तिचं बोलणं. टोचायचंच. ती निवृत्त झाली तेव्हा आता बायको घरात दिसेल म्हणून नवरा खूश झाला, पण पंधरा दिवसांत बाई परत तिथंच. आता काय, तर म्हणे इतिहास शोधायचाय.

इतिहास कसला, आत्याचा! तिची सख्खी आत्या इथली सिस्टर होती, पण स्वयंपाकघरातली. त्या काळी सिस्टरांमध्येही वरच्या-खालच्या होत्या. शिकलेल्या घरातल्या पुढच्या बाकांवर बसून प्रार्थना गात, शाळेत शिकवत. गरिबाघरच्या चूल सांभाळत, भांडी घासत आणि मागे बसत. मेल्यावरही तीच तऱ्हा. कॉन्व्हेंटमागच्या दफनभूमीत पुढच्या रांगांना संगमरवर, नाव, तारीख. मागच्या रांगेत तेवीस लोखंडी क्रूस आणि प्रत्येकावर नुसता आकडा. तोही धुलाईचा. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक सिस्टरला एक नंबर असे, तो तिच्या झग्यावर लाल दोऱ्यानं घातलेला असे. स्वयंपाकघरातली सिस्टर गेली की तोच नंबर तिच्या क्रूसावर. आत्याचा सतरा.

संस्थेला शंभर वर्षं होणार होती. इतिहास लिहायला एक प्राध्यापक नेमले होते. माणूस भला, पण कागदाबाहेर पाऊल टाकणार नाही. दफनभूमीच्या दाराशी एक शिळा बसणार होती. तिच्यावर मदरांची नावं, शिक्षिका सिस्टरांची नावं आणि तळाला तीन शब्द: 'आणि इतर भगिनी'. मसुदा वाचून मावशीचं डोकंच फिरलं.

"माझी आत्या चाळीस वर्षं या घराला जेवू घालत होती, आणि ती इतर?"

"मावशी, नावांची नोंदच नाही ना," प्राध्यापक म्हणाले. "पुरावा आणा, लगेच घालतो."

झालं, बाई हट्टाला पेटली. कपड्यांच्या कोठीत नंबर आणि नाव लिहिलेल्या जुन्या वह्या होत्या, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? वाळवीनं खाल्लेली पानं तिनं भिंगाखाली धरून वाचली. स्वयंपाकघरातली शेवटची सिस्टर नव्वदी ओलांडून आजाऱ्यांच्या खोलीत पडून होती, मावशी रोज दुपारी तिच्या ऐकू येणाऱ्या कानाशी बसली. वर्षभरात तेवीस नावं जमली. तो कागद तिनं शताब्दीच्या बैठकीत कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदरांपुढे असा ठेवला की चहाचे कप हलले.

प्राध्यापकांनी शांतपणे चष्मा पुसला. "मावशी, सतरा नंबरचे क्रूस दोन आहेत. एक भिंतीशी, एक नळाजवळ. तुमच्या आत्या कुठल्या?"

 लहानपणी वडिलांचं बोट धरून मावशी भिंतीशी जायची, तेव्हापासून तिथलंच गवत काढत आली होती. नळाजवळच्या क्रूसाकडे तिनं कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. खरं तर हे तिलाच कळायला हवं होतं. एक सिस्टर गेली की तिचे धड कपडे नव्या मुलीला मिळत, नंबरासकट. उसवून पुन्हा घालायचा उपद्व्याप कोण करणार? तिनं स्वतः कितीदा तो तसाच राहू दिला होता. वेगवेगळे नंबर एकोणीसच, बायका तेवीस.

"म्हणजे कोण कुठे, ते नक्की सांगता येत नाही," प्राध्यापक म्हणाले. "मग नावं कशी घालणार?"

"कोण कुठल्या क्रूसाखाली ते मला माहीत नाही. सगळ्या इथंच आहेत, हे माहीत आहे. शिळा तर एकच आहे ना?"

"दगड कोरायला गेलाय, मावशी," मदर समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "असं करा, उद्घाटनाला शिळेवर पांढरा पडदा हवाय. तो तुम्हीच शिवा. तेवढाच तुमचा हात लागेल."

मावशी चक्क हो म्हणाली, वाद न घालता. तिथंच खरं तर सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी तिनं पडदा स्वतः टाकला, चारी कोपरे सारखे केले आणि बाजूला उभी राहिली. पाहुणे जवळ आले. पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्यानं, धुलाईच्या नंबराच्याच टाक्यानं, तेवीस नावं घातली होती. चाकाच्या खुर्चीत बसलेली नव्वदीची सिस्टर हात लांब करून ओरडली, "ही बघा! ही मला भाजी चिरताना गाऊ द्यायची!"

मदरांचा चेहरा लालबुंद झाला. पडद्याची दोरी हातात घट्ट धरून त्या पुटपुटल्या, "मावशी, हे विचारून करायचं असतं."

"विचारलं होतं, मदर. वर्षभर."

मावशी जागची हलली नाही. मदर पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "यात तुमची आत्या कुठली?"

"पहिल्यापासून वाचत या. सापडेल."

मदरांनी दोरी सोडली आणि वाचायला लागल्या. पहिली दोन नावं ओठांतच राहिली. तिसरं सगळ्यांना ऐकू गेलं.