आधी विचारा

भारत-जपानचा करार झाला. तिकडच्या म्हाताऱ्यांच्या सेवेला इकडची माणसं पाहिजेत म्हणे. त्या कराराचा आमच्या घाटंजी गावातला हिस्सा रोज सकाळी माझ्या दारात उभा असतो, म्हणजे शेजारची पोरगी. सरावाला म्हातारा मी. गेल्या वर्षी पडल्यापासून मला उठवून बसवावं लागतं.

चपला बाहेर ओळीत लावून ती कमरेत वाकते आणि जपानीत विचारते, "हात लावू का?" मी "हाइ", म्हणजे हो, म्हटल्याशिवाय बोटसुद्धा लावत नाही.

परवा ती तिकडे जायच्या जपानीच्या परीक्षेत नापास झाली. वाटलं, आता काही येत नाही. दुसऱ्या सकाळी हजर!

"रडत कायले बसू, आजोबा? पुन्हा देईन. मले जायचंच हाय."

तेवढ्यात माझा मुलगा आला आणि नेहमीसारखा काखेत हात घालून मला उचलायला लागला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"दादा, पहिले विचारा त्यायले."

तो हसला. ती हसली नाही, मनगटही सोडलं नाही. शेवटी तो पुटपुटला, "बाबा, उचलू?"

वर्षभरात पहिल्यांदाच घरातल्या कुणी मला विचारलं होतं.

"नको," मी म्हटलं. "थांब जरा."